वाफ्यांवर काय अंथरायचं? नगरच्या मातीचा जुना प्रश्न

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत चहा येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. ताळेबंद मंजूर झाला, हिशेब तपासनिसांची नेमणूक झाली, थकबाकीदारांची यादी नेहमीप्रमाणे वाचून दाखवली गेली. मग विषय निघाला: 'रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व घरांभोवतीच्या वाफ्यांवर पेव्हर ब्लॉक बसविणे.' पुढचा पाऊण तास कोणी कोणाचं ऐकलं नाही. एक गट म्हणाला, रोजची झाडलोट संपेल, चिखल संपेल, तण संपेल, माळ्याचा पगार वाचेल. दुसरा गट म्हणाला, मग सोसायटीला अंगण कशाला म्हणायचं, बसस्टँड म्हणा. शेवटी चेअरमनसाहेबांनी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला आणि गार झालेला चहा सर्वांनी निमूट घेतला.

त्यानंतर स्मरणिका समितीने मला, निवृत्त इतिहास शिक्षक म्हणून, 'परिसराचा इतिहास' या विषयावर लेख मागितला. मी विचार केला, या तहकूब विषयाचाच इतिहास लिहावा. मातीवर काय अंथरायचं, हा प्रश्न आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षं आहे, पण नगरमध्ये तो पाचशे वर्षांहून जुना आहे. (आता जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं आहे. आमच्या पिढीच्या तोंडून 'नगर' जायला वेळ लागेल, तेवढी सवलत द्यावी.)

बागेवर वसलेलं शहर

आपण २८ मे हा शहराचा स्थापना दिन मानतो. १४९० साली या दिवशी मलिक अहमदने भिंगारजवळ बहामनी सरदार जहांगीरखानाच्या बेसावध फौजेवर पहाटे छापा घातला आणि लढाई जिंकली. वर्गात मी हे शिकवायचो तेव्हा मुलांना सन पाठ व्हायचा, पण त्या विजयाचं नाव सांगितलं की ती हसायची. त्याला 'बागेचा विजय' म्हणतात. कारण विजयाच्या जागी अहमद निजामशहाने महाल बांधला आणि बाग लावली, 'बाग निजाम'. याच जागेवर पुढे किल्ला उभा राहिला आणि हुसेन निजामशहाने १५५९ पासून त्याला दगडी तटबंदी घातली. म्हणजे आपल्या शहराची मुळं आधी एका बागेत आहेत, किल्ला नंतरचा.

मे महिन्यात, नगरच्या उन्हात, बागेची आठवण होणं साहजिक आहे. पण ती बाग टिकवायची कशी? शहराचा पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो, पण तो सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथून पूर्वेला येईतो ढग रिकामे होतात. निजामशाहीने यावर उत्तर काढलं ते पाण्याचं. कापूरवाडी, शहापूर, भिंगार अशा आसपासच्या गावांकडून भाजलेल्या मातीच्या खापरी नळांनी उतारावरून पाणी शहरात आणलं. त्याच पाण्यावर महाल, हौद, कारंजी आणि बागा चालल्या. फराहबक्ष महाल तर भल्यामोठ्या तलावाच्या मधोमध उभा केला. तो १५८३ साली पुरा झाला.

आज फराहबागेत जाऊन या. भिंती उभ्या आहेत, कमानी उभ्या आहेत, पण तलाव कोरडा आहे आणि बाग नावातच उरली आहे. नळ बुजले, पाणी थांबलं आणि हिरवळ गेली. मोगल आले म्हणून नाही, इंग्रज आले म्हणूनही नाही. जी हिरवळ बाहेरून आणलेल्या पाण्यावर जगते, ती पाणी आणणारा जाईपर्यंतच जगते. आपल्या हिरवळीबाबतही हेच घडलं, पण ते पुढे येईल.

किल्ल्यातला माळी

त्याच बाग निजामच्या जागेवर साडेचारशे वर्षांनी पुन्हा एकदा वाफे खणले गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाल्यावर काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सदस्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. त्यांत जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव होते आणि आपले शंकरराव देवही. मार्च १९४५ पर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ, ते किल्ल्यात होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं हे सर्वांना ठाऊक असतं. त्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीच्या पानांत त्यांनी बागकामाबद्दल लिहिलं आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

नेहरू रोज तासन्‌तास, उन्हातसुद्धा, फुलांसाठी वाफे तयार करत असत. जमीन फार वाईट होती. दगडगोटे आणि जुन्या बांधकामांची मोडतोड तिच्यात भरलेली. खणता खणता जुन्या भिंती, घुमटांचे माथे लागले, एका भिंतीवर कोरलेलं कमळही सापडलं. आणखी खोल खणायला वरून परवानगी नव्हती. तेव्हा वर मिळेल त्या मातीत फुलं लावायची, एवढंच हातात होतं.

हे वाचलं की मला आपल्या घरांभोवतीचे वाफे आठवतात. पंचवीस वर्षांपूर्वी ताबा मिळाला तेव्हा आपण हौसेने कुदळ घेऊन उतरलो. वर चार बोटं काळी माती आणि खाली काय? विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, सळयांची टोकं, फुटकी फरशी. सावेडीची ही जमीन आधी ज्वारीची होती असं जुने लोक सांगायचे. पण बिल्डरचे ट्रक फिरले की ज्वारीची जमीनसुद्धा किल्ल्यातल्या जमिनीसारखी होते. अशा मातीत झाड लावणं सोपं असतं. ते लावल्यावर भोवतीची माती उघडी पडून तापते, भेगाळते, पावसात वाहते, तिचं काय करायचं हा खरा प्रश्न.

ज्यांना नळ नव्हता त्यांची युक्ती

शाही बागांना नळ होता आणि किल्ल्यातल्या वाफ्यांना रोजची मेहनत. पण नगर-सोलापूर पट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे यांतलं काहीच नव्हतं. त्याची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जायची, पाऊस संपल्यावर, आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी राहायची. ती ओल उडू नये म्हणून तो मातीवर मातीच अंथरायचा.

हे कोडं नाही. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं आपल्याकडे म्हणतात. काळी माती वाळताना तिच्यात बारीक नळ्यांसारख्या वाटा तयार होतात आणि खालची ओल त्या वाटांनी वर चढून उडून जाते. मग भेगा पडतात आणि त्या भेगांतून आणखी ओल जाते. कोळपं फिरवलं की वरचा दोन बोटांचा थर भुसभुशीत होतो, वर चढणाऱ्या वाटा तुटतात, भेगा बुजतात. वरचा थर स्वतः वाळतो, पण खालच्या ओलीवर पांघरूण होऊन पडतो. रब्बी ज्वारीला तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी सांगितली जाते आणि शेवटची दातेरी कोळप्याने, ती याचसाठी.

१९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. बांधबंदिस्ती, वेळेवर मशागत, पुन्हा पुन्हा कोळपणी यांची घडी बसवून जी पद्धत पुढे आली, तिला मुंबई कोरडवाहू पद्धत म्हणतात. पुढे कृषी विद्यापीठांनी त्यात आणखी भर घातली. गव्हाचं काड, वाळलेलं गवत, तूरकाट्या असं जे हाताशी असेल ते हेक्टरी पाच टन ज्वारीच्या ओळींमध्ये पहिल्या पाच आठवड्यांत पसरा. पाच टन ऐकून घाबरू नका. चौरस मीटरला ते अर्धा किलो भरतं. आपल्या वाफ्यासाठी एक पाटीभर पाला.

पाचट आणि काडेपेटी

जिल्ह्याच्या उत्तर भागाची गोष्ट वेगळी. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस वाढला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आपण ज्या 'सहकारी' शब्दाखाली इथे राहतो, त्या शब्दाला आपल्या जिल्ह्यात मोठा इतिहास आहे तो असा.

पण या पाणीवाल्या भागाने एक सवय लावून घेतली. ऊस तुटला की शेतात पाचट उरतं, हेक्टरी आठ-दहा टन. पुढच्या कामाला अडचण नको म्हणून काडेपेटी लावायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री राहुरी-श्रीरामपूरच्या रस्त्याने गेलात तर दोन्ही बाजूंना लाल रेघा दिसायच्या, आजही कुठे कुठे दिसतात. वर्षभर जमिनीतून घेतलेलं अन्न तासाभरात धूर होऊन जातं आणि तापलेली उघडी जमीन पुन्हा जादा पाणी मागते.

१९६८ साली स्थापन झालेलं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ अनेक वर्षं सांगत आलं आहे की खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत दाबा. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. युरिया कशासाठी? पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं आणि वरून दिलं नाही तर ते मातीतलं उचलतात, मग ऊस पिवळा पडतो. ही एक गोष्ट बागेतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोरडा पाला किंवा लाकडाचा भुसा मातीवर पसरला तर अडचण नाही. पण तो मातीत कालवला आणि सोबत शेणखत दिलं नाही, तर झाडं काही काळ उपाशी राहतात.

१९७२ आणि डोंगरावरचं गवत

१९७२ च्या दुष्काळाने जिल्हा हादरला. आमच्या घरी मिलो ज्वारी आली तिची लालसर भाकरी आठवते. रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांची रांगही आठवते. त्या दुष्काळातून आलेलं शहाणपण दोन गावांनी अंगी मुरवलं, राळेगणसिद्धीने १९७५ नंतर आणि हिवरे बाजारने १९८९-९० नंतर. बंधारे, चर, पाणलोट ही कामं सगळ्यांना माहीत आहेत. पण हिवरे बाजारच्या नियमांत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी होती, तिचा अर्थ काय? डोंगर उघडा ठेवायचा नाही. जनावरं मोकळी सोडायची नाहीत, गवत वाढू द्यायचं, कापून न्यायचं, मुळं जागेवर ठेवायची. पावसाचा थेंब गवतावर आपटतो, मोडतो, मग हळू खाली उतरतो. उघड्या मुरमावर तोच थेंब माती उडवतो आणि पळतो. चर आणि बंधारे पळणारं पाणी अडवतात, गवत पाण्याला पळूच देत नाही. हिवरे बाजारला जाऊन आलेल्या आपल्या सहलीत सर्वांनी बंधाऱ्यावर उभं राहून फोटो काढले. डोंगरावरच्या गवताचा फोटो कोणी काढला नाही, मीसुद्धा नाही.

आपली पंचवीस वर्षं

आता घरचा इतिहास. पहिली दोन वर्षं आपण वाफे रोज झाडत होतो. अंगण लख्ख हवं, ही आपली जुनी सवय, आणि शेणाने सारवलेल्या अंगणाला ती शोभतेही. पण वाफ्यातली माती रोज खराट्याने ओरबाडली की वर पापुद्रा तयार होतो. पाणी टाकलं तर ते बाजूने वाहून गटारात जातं. आपण म्हणायचो, 'मातीच चांगली नाही.'

मग हिरवळ आली. नर्सरीतून कार्पेट लॉनचे चौकोन आणले, उद्घाटन केलं, मुलांना 'लॉनवर पाय ठेवू नका' अशी पाटी लावली. हिशेब तेव्हा कोणी केला नाही, आता करू. हजार चौरस फुटांवर रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे ४६५ लिटर लागतात. दहा हजार लिटरचा टँकर तीन आठवड्यांत संपतो. २००३ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्याची पंचाईत झाली तेव्हा लॉन आधी पिवळं, मग करडं झालं आणि पहिल्या पावसात तिथे गाजरगवत उगवलं. फराहबागेच्या मालकांना दुःख तरी राजेशाही होतं, आपलं टँकरच्या बिलाचं होतं.

त्यानंतरची चूक माझी आहे आणि ती इथे लिहून ठेवतो. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. 'कायमचा बंदोबस्त' करायचा म्हणून मी गेटजवळच्या मोठ्या वाफ्यात जाड प्लास्टिक अंथरलं आणि वर काळी खडी टाकली. शेतात मल्चिंग पेपर लावतात तसंच, असं मी सभेत सांगितलं होतं. पण शेतातल्या पेपरखाली ठिबकची नळी असते, रोपापुरतं भोक असतं आणि हंगाम संपला की तो काढतात. माझ्या प्लास्टिकखाली काही नव्हतं आणि ते मी कायमचं पुरलं होतं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी खडीवर धूळ साचली, धुळीत तण उगवलं. लव्हाळ्याने तर प्लास्टिक खालून भोसकलं. उन्हाळ्यात काळी खडी अशी तापायची की शेजारच्या खिडकीतून झळ घरात यायची.

त्याच वाफ्यात आपल्या पहिल्या चेअरमन आबांनी लावलेला कडुनिंब होता. २००३ मध्ये भांडी धुतलेलं पाणी बादलीने घालून आबांनी तो जगवला होता. २०१२-१३ च्या दुष्काळानंतर तो वरून वाळू लागला आणि पुढे एका वळवाच्या वादळात मुळासकट पडला. मुळं बघितली तर ती खोल गेलेलीच नव्हती. प्लास्टिकखाली कोरड्या मातीत वरच्या वर पसरली होती. एकट्या प्लास्टिकमुळे झाड पडलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. दुष्काळ होता, खाली बिल्डरची रॅबिटही होती. पण आबा तेव्हा नव्हते आणि आजी पडलेल्या झाडाशेजारी उभ्या राहून मला म्हणाल्या, 'तू झाकलंस, पण पाणी कुठून पिणार होतं रे ते?' मी काही बोललो नाही. हा लेख म्हणजे उशिरा दिलेलं उत्तर समजा.

पाल्याचं राज्य

पुढे आपण खड्डा करून पाला जाळत होतो. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला पाच हजार रुपये दंड ठरवला, तेव्हा दंडाच्या भीतीने जाळणं थांबलं. मग पाला टाकायचा कुठे? माळीकाका म्हणाले, 'वाफ्यातच टाकू साहेब, आमच्या गावी डाळिंबाला टाकतात.' माळीकाकांचं वाक्य सेक्रेटरीच्या परिपत्रकापेक्षा टिकलं. गेली काही वर्षं मागच्या बाजूच्या वाफ्यांत आपण निंब, गुलमोहर, देशी बदाम यांचा पाला पसरतो आणि पाणी पूर्वी रोज द्यायचो ते आता उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड देतो. तण संपलं नाही, पण एका हाताने उपटता येतं. खालची माती हातात घेतली तर गांडुळं दिसतात. पहिल्या वर्षी तिथे कुदळ आपटायची, आता खुरपं चालतं.

अनुभवावरून, कुठे काय अंथरावं ते थोडक्यात सांगतो. एकाच वस्तूने सगळे वाफे झाकायचे नाहीत, हे पहिलं.

भिंतीला लागून हात-दीडहाताचा पट्टा मुरमाचा किंवा खडीचा ठेवावा, प्लास्टिक न घालता. पाला भिंतीला टेकला की वाळवीला जिना मिळतो. मोकळा खडीचा पट्टा असला तर वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर चढताना लगेच दिसतात. मुरूम ब्रासने मिळतो, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तीन इंचांचा थर दिला तर एका ब्रासमध्ये चारशे चौरस फूट होतात. म्हणजे आपल्या सगळ्या भिंतींना किती लागेल ते टेपने मोजून काढता येतं, अंदाजपंचे ट्रॉल्या मागवायची गरज नाही.

झाडं आणि झुडपं असलेल्या वाफ्यांत पाला किंवा पाचट. थर तीन-चार इंचांचा द्यावा, पावसाळ्यात तो बसून निम्मा होतो, मग दिवाळीनंतर पुन्हा भर घालावी. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवावी, नाहीतर खोड कुजतं. बदामाची मोठी पानं एकावर एक चिकटून बसतात आणि पाणी अडवतात, म्हणून ती पायाखाली चुरडून टाकावीत. निंबाचा आणि गुलमोहराचा पाला बारीक असतो, तो लगेच मुरतो. पाला घालण्याआधी एकदा भरपूर पाणी द्यावं. कोरड्या मातीवर पांघरूण घातलं तर कोरडेपणाच टिकतो.

रस्त्याकडेच्या उन्हाच्या वाफ्यांत जिवंत पांघरूण बरं. चिनी गुलाब, सदाफुली, कोरफड, पानओवा ही मंडळी कमी पाण्यावर राहतात आणि दिसायलाही छान. वेडेलियाची पिवळी फुलं मोहक असतात, पण ती शेजारच्या वाफ्यात विचारल्याशिवाय जाते, तेव्हा काठ कापायची तयारी असेल तरच लावावी. हरळी मात्र आधी खणून काढावी. तिच्यावर काहीही अंथरलं तरी ती वर येते, तिला दुष्काळ माहीत नाही आणि सोसायटीचे ठरावही.

आक्षेपांना उत्तरं

सभेत आलेले आक्षेप खोटे नाहीत. 'पाल्यात साप-विंचू राहतात' ही बी विंगमधल्या काकूंची भीती खरी आहे. म्हणून दारापाशी, पायवाटेला आणि मुलं खेळतात तिथे पाला नको. तिथे मुरूम किंवा फरशी, आणि पाल्यात हात घालायचा तर आधी काठीने हलवून, हातमोजे घालून. 'डास होतात' हे मात्र पाल्यापेक्षा कुंड्यांखालच्या बशांना जास्त लागू आहे. मुरणाऱ्या मातीत पाणी साचत नाही, डास साचलेल्या पाण्यात होतात. 'पेट घेईल' हा आक्षेप दिवाळीपुरता बरोबर आहे, म्हणून त्या आठवड्यात पाल्यावर पाणी मारावं आणि फटाके गेटबाहेर उडवावेत. 'घाण दिसतं' याला माझ्याकडे उत्तर नाही. डोळ्याला सवय होते एवढंच सांगू शकतो. खराट्याच्या रेघा सुंदर वाटायला आपल्याला पिढ्या लागल्या होत्या.

आणि पेव्हर ब्लॉक? मी त्यांच्या विरुद्ध नाही. गाडीच्या वाटेवर, गेटपासून जिन्यापर्यंत, ज्येष्ठांच्या काठीला आधार हवा तिथे ते हवेतच. आमच्यासारखे गुडघेदुखीवाले चिखलात घसरून पडावेत असं मी म्हणणार नाही. पण वाफ्यांवर नको. कारण साधा हिशेब आहे. हजार चौरस फूट जागेवर वर्षाला ५७० मिलिमीटर पाऊस धरला तर सुमारे ५३ हजार लिटर पाणी पडतं. सगळं मुरत नाही, काही उडतं, काही वाहतं. पण पालाखालच्या मातीला त्यातलं बरंच घेता येतं आणि दाबून बसवलेल्या ब्लॉकला फार थोडं. बाकीचं गेटबाहेरच्या गटारात. आणि मार्चमध्ये आपण ते टँकरने विकत आणणार. आपल्या बोअरवेलची पातळी दर उन्हाळ्यात आपण सगळेच काळजीने विचारतो. त्या बोअरवेलला पाणी कुठून मिळणार, हा प्रश्न आजींनी त्या झाडाच्या निमित्ताने मला विचारलाच आहे.

नगरचा इतिहास शिकवताना मी मुलांना विचारायचो, शहर कोणी वसवलं? मुलं म्हणायची, अहमद निजामशहाने. हे बरोबर आहे. पण ते टिकवलं कोणी, असं विचारलं तर मी आता कोळपं धरणाऱ्याचं, पाचट न जाळणाऱ्याचं आणि डोंगरावरचं गवत राखणाऱ्याचं नाव आधी घेईन. त्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत.

येत्या सभेत हा विषय पुन्हा येईल. मत कोणाला द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. माझी एकच सूचना आहे: मतदानाआधी सर्वांनी मागच्या वाफ्यात जाऊन पाला बाजूला सारावा, एक मूठ माती उचलावी आणि मग गेटजवळच्या जुन्या खडीच्या वाफ्यातली एक मूठ घ्यावी. दोन्ही हातांत फरक कळतो. गेटजवळच्या वाफ्यातलं उरलेलं प्लास्टिक मी या पावसाळ्याआधी स्वतः काढणार आहे. तिथे आजींच्या हस्ते कडुनिंबाचं नवं रोप लावायचं आहे, आणि त्याच्या बुंध्याशी पहिली पाटी पाल्याची त्याच घालणार आहेत, चार बोटं सोडून. ज्यांना जमेल त्यांनी त्या सकाळी यावं, कुदळी कमी आहेत, खुरपी पुरतील.

– एक ज्येष्ठ सभासद